अळी पाळायची तर शेजारधर्मही पाळावा लागेल

दिवाळी आली की आपल्या दिंद्रुड-धारूर पट्ट्यातून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. त्याच पट्ट्यात आता काही घरं मागं राहू लागलीत, कारण शेडमध्ये रेशीम अळ्या आहेत आणि त्यांना पाला घालायला घरचं माणूस लागतं. या अळीचा इतिहास थोडा बघू.

ही अळी मूळची चीनची. हजारो वर्षं माणसानं पाळली, त्यामुळं आता रानात तिचा निभाव लागत नाही. तिच्या पतंगाला पंख असतात, पण उडता येत नाही. खाणं एकच, तुतीचा पाला. आपल्याकडं टिपू सुलताननं अठराव्या शतकाच्या शेवटी म्हैसूर राज्यात रेशीम शेतीला चालना दिली आणि पुढं कर्नाटक देशात पहिलं झालं. गोदावरीच्या पलीकडं पैठण, पैठणी आपली, पण तिचं रेशीम बाहेरून यायचं! महाराष्ट्राचं रेशीम संचालनालय झालं 1997 ला. तरी कोष विकायला आपले शेतकरी थेट बंगळूरजवळच्या रामनगरला जायचे. 2018 ला जालन्यात कोष बाजार सुरू झाला, पुढं बीडलाही झाला. आज आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे.

पाळणं सोपं वाटतं, पण तसं नाही. अळी महिनाभरात चार वेळा कात टाकते. शेवटच्या आठवड्यात एकूण पाल्यापैकी जवळपास 80 टक्के पाला फस्त करते. शेडमध्ये 24 ते 28 अंश तापमान लागतं, पाला ताजा लागतो. ओला किंवा धुळीचा पाला घातला की रोग आलाच. तंबाखू मळलेल्या हातानं तर शेडमध्ये जाऊच नये.

रोगावर इलाज सापडलाय. फ्रान्समध्ये अळ्या पटापट मरत होत्या, तेव्हा 1865 ला लुई पाश्चर त्या कामाला लागला. अंडी घालणारी मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, रोगट निघाली तर तिची अंडी नष्ट करा, ही पद्धत त्यानं रुळवली. आजही अंडीपुंज असेच तपासून मिळतात.

पण शेजारच्या कापसावरून वाऱ्यानं आलेल्या औषधाला पाश्चरकडंही उत्तर नव्हतं. फवारा तुतीवर उडाला, तोच पाला शेडमध्ये गेला, की अख्खी बॅच एका दिवसात आडवी. महिन्याची मेहनत गेली. मग त्या घरानं काय करायचं? पुन्हा उचल घ्यायची अन् कोयता हातात धरायचा?

कुणी मुद्दाम करतं असं नाही. पण फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला एक फोन करायला काय लागतं? वारं तुतीकडं असेल तर पंप थांबवावा. ग्रामपंचायतीनं तुतीचे प्लॉट कुठं आहेत त्याची यादी फलकावर लावावी, खरीप सुरू होताच दवंडी द्यावी. याला ना निधी लागतो ना मंत्रालयात हेलपाटे. येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडतंय, बोला!