पॅरिसचं गळकं घर आणि मुंबईची गॅलरी

पॅरिसपासून साधारण तीस किलोमीटरवर पुआसी नावाचं गाव आहे. तिथे हिरवळीच्या मधोमध बारीक खांबांवर उभी असलेली एक पांढरी पेटी दिसते. तिचं नाव व्हिला सावॉय. विम्याच्या धंद्यातल्या पिएर सावॉय यांना आणि त्यांच्या पत्नीला शनिवार-रविवारी शहराबाहेर राहायला घर हवं होतं. ल कॉर्ब्यूझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी १९२८ ते १९३१ या काळात ते बांधलं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक आर्किटेक्चर कॉलेजात हे घर शिकवलं जातं.

मुंबईत वाढलेल्या माणसाने मात्र त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला, तर त्याला फारसं नवल वाटणार नाही. खाली खांब आणि त्यात गाडी, वर सपाट गच्ची, आडव्या लांब खिडक्या. असल्या बिल्डिंगा आपण दादरला, परळला रोजच बघतो. त्या कुठून आल्या, येताना त्यांच्यात काय बदललं आणि आता त्यातलं काय हरवत चाललंय, हे बघायचं तर आधी त्या घराची तत्त्वं समजून घ्यावी लागतील.

पाच सूत्रं

पूर्वी घराचं वजन भिंती पेलायच्या. त्यामुळे खालच्या मजल्यावर जिथे भिंत, तिथेच वरच्या मजल्यावरही भिंत. खिडकी मोठी केली तर भिंत कमजोर व्हायची. लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट, म्हणजे आपलं आरसीसी, आलं आणि हे बंधन सुटलं. आता वजन खांब आणि स्लॅब पेलणार, भिंत नुसता पडदा. कॉर्ब्यूझिएने त्यातून पाच सूत्रं काढली आणि १९२७ साली प्रसिद्ध केली.

घर खांबांवर उचला, म्हणजे खालची जमीन मोकळी राहते. छप्पर सपाट करून त्यावर बाग करा, म्हणजे घराने खाल्लेली जमीन वर परत मिळते. आतल्या भिंती हव्या तिथे घाला. बाहेरची भिंतही वजनातून सुटली, तेव्हा तिला हवं ते रूप द्या. आणि खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी पट्टीसारखी कापा, म्हणजे सगळ्या घरात सारखा उजेड येतो.

व्हिला सावॉयमध्ये ही पाचही सूत्रं एकत्र आहेत. तळमजल्याची काचेची भिंत गोलाकार आहे, कारण गाडी ज्या वळणाने फिरते तोच तिचा आकार. तळापासून गच्चीपर्यंत एक उतार चढत जातो, त्यामुळे चालता चालता घर उलगडत जातं.

कागदावर सगळं चोख होतं, पण घर गळायला लागलं. १९३६-३७ मध्ये सावॉयबाई आर्किटेक्टला पत्रांमागून पत्रं लिहीत होत्या: हॉलमध्ये पाणी, उतारावर पाणी, गॅरेजच्या भिंती ओल्या. घर राहण्याजोगं करून द्या नाहीतर कोर्टात जाऊ, इथपर्यंत गोष्ट गेली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि १९४० साली ते कुटुंब घर सोडून गेलं. पुढे आधी जर्मन, मग अमेरिकन सैन्याने ते वापरलं. शाळेसाठी ते पाडायचं ठरलं, तेव्हा जगभरातून विरोध झाला आणि ते वाचलं. २०१६ पासून ते जागतिक वारसा आहे, पण त्यात कोणी राहत नाही.

आता पॅरिसचा वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईचा दोन हजारांहून जास्त, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तिथे गळालेलं घर इथे टिकणार कसं?

परळचं काँक्रीट

काँक्रीटची सामूहिक घरं मुंबईत व्हिला सावॉयच्या आधी उभी राहिली होती, आणि ती गिरणी कामगारांसाठी होती. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. ना. म. जोशी मार्ग, नायगाव, वरळी आणि शिवडी इथे या खात्याने २०७ इमारती बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता, सोळा हजारांच्या आसपास झाल्या.

साहित्य तेच, आरसीसी. पण आराखडा मोकळा नाही, खिडकीची पट्टी नाही, जमीन मोकळी सोडायचा विचार नाही. एका कुटुंबाला मोकळं करणाऱ्या काँक्रीटने इथे हजारो कुटुंबांना कप्पे दिले. सुरुवातीला भाडं परवडेना आणि कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. घर म्हणून बांधलेली इमारत विशेष फेरफार न करता तुरुंग होऊ शकते, यातच तिच्या नकाशावरची टीका आली.

याउलट गिरगावातली जुनी चाळ बघा. तिच्यात काँक्रीट नाही. बऱ्याच चाळींचा सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा, मध्ये विटा भरलेल्या, वर मंगलोरी कौलं. म्हणजे वजन सांगाड्याने पेलायचं ही कल्पना आपल्या सुतारांना ठाऊक होतीच. पण चाळीचं खरं डोकं तिच्या गॅलरीत आहे. खोल्यांच्या पुढून जाणारी, चौकाकडे तोंड करून असलेली ही लांब गॅलरी उतरत्या छपराखाली असते. पाऊस आणि ऊन खोलीच्या दाराशी पोचायच्या आधी गॅलरीत थांबतात. माणसंही तिथेच थांबतात. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा मांडव चौकात आणि प्रेक्षक गॅलरीत, अशी सोय इमारतीनेच करून ठेवली होती.

गॅलरी पुरती घरातली नाही आणि पुरती रस्त्यावरचीही नाही. पुआसीच्या घरात नेमकी हीच जागा बाहेरच्या भिंतीला नव्हती. तिथली भिंत सपाट, खिडकी भिंतीच्या पातळीत, वर छज्जा नाही. पाऊस थेट काचेवर.

म्हात्र्यांचा छज्जा

१९३०च्या दशकात मुंबईतला मध्यमवर्ग चाळीतून ब्लॉकमध्ये जायला लागला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव रस्ते आणि प्लॉट पाडले होते. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी त्यातूनच आल्या. शिवाजी पार्कभोवती तीन-चार मजली इमारती उठल्या. १९३६ साली सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली आणि सिमेंटची जाहिरात जोरात सुरू झाली. १९३७ मध्ये आर्किटेक्टांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवलं. नव्या घरात स्वयंपाकघर कसं असावं, संडास घरातच कसा असावा, हे बघायला लोकांची रीघ लागली.

या काळातलं ठळक मराठी नाव म्हणजे गजानन बाबूराव म्हात्रे. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची सूना महाल आणि ओव्हल मैदानासमोरची एम्प्रेस कोर्ट या इमारती त्यांच्या. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या आर्ट डेकोचा वारसा मान्य केला, त्यात हा सगळा पट्टा येतो.

या इमारती लांबून पाहिल्या तर आडव्या पट्ट्यांचा भास होतो, अगदी कॉर्ब्यूझिएच्या खिडकीसारखा. जवळ जाऊन बघा. त्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी खिडकीच्या नसतात, छज्ज्याच्या असतात. पापणीसारखा पुढे आलेला पातळ स्लॅब इमारतीला वळसा घालत जातो. त्याखाली खिडक्या सुट्या सुट्या, साध्या मापाच्या. कोपऱ्यात गोलाई दिलेली बाल्कनी. दिसायला नवा जमाना, पण पाण्याशी वागायची रीत जुनी. जुलैमध्येही खिडकी अर्धी उघडी ठेवता येते, ती या दीड-दोन फुटांच्या काँक्रीटमुळे.

गच्चीचंही तसंच झालं. कौलं गेली, सपाट स्लॅब आला आणि पापड, वाळवणं, पतंग, कोजागिरी हे सगळं वर चढलं. कॉर्ब्यूझिएची छतावरची बाग इथे कुंड्यांपुरती राहिली, पण गच्ची त्याच्या घरात वापरली गेली त्याहून कितीतरी जास्त वापरली गेली. ती गळायचीही. त्यावर इथल्या गवंड्यांनी ब्रिकबॅट कोबा आणि चायना मोझॅक रुळवलं. विटांचे तुकडे चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवून पाण्याला उतार द्यायचा, वर फुटक्या कपबशांच्या किंवा टाइल्सच्या तुकड्यांचा थर. तो थर उन्हाची झळ परतवतो आणि पाणी वाहून नेतो. तरीही वीस-पंचवीस वर्षांनी टॉप फ्लोअरवाले सोसायटीच्या मीटिंगमध्ये लीकेजवर भांडतातच, आणि शेवटी वर पत्र्याची शेड येते. पुआसीला मात्र असं वरून दुरुस्त करत राहणारी सोसायटी नव्हती.

गुरूनेच सूत्र बदललं

पुढे कॉर्ब्यूझिए स्वतः भारतात आला. चंदिगढ सगळ्यांना माहीत असतं. अहमदाबादचा व्हिला शोधन कमी लोकांना माहीत असतो. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या या बंगल्यात खांब, उतार, मोकळा आराखडा, सगळं पुआसीचंच आहे. पण वर छत्रीसारखं वेगळं छप्पर धरलं आहे आणि दर्शनी भाग खोल आत सरकवून सावलीतल्या गच्च्या केल्या आहेत. गुळगुळीत पांढरी भिंत गेली. या कामात त्याच्यासोबत होते बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि १९५१ पासून उमेदवारी पॅरिसमध्ये त्याच्याच ऑफिसात.

मुंबईत हा धागा चार्ल्स कोरियांनी पुढे नेला. कंबाला हिलवरची त्यांची कांचनजंगा १९८३ मध्ये पूर्ण झाली: २८ मजले, ३२ फ्लॅट. अडचण सोपी होती. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घर पश्चिमेला उघडायला हवं. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुने बंगले यावर चारही बाजूंनी व्हरांडा घालायचे. कोरियांनी व्हरांडा मनोऱ्यात नेला. इमारतीचे कोपरे कापून दोन मजली उंचीच्या बागा केल्या आणि खोल्या त्यामागे ठेवल्या. तीच चाळीच्या गॅलरीची युक्ती, फक्त श्रीमंतांसाठी आणि खाजगी.

सूत्रं उरली, गॅलरी गेली

आज लालबाग-परळमध्ये मान वर करून बघावे लागणारे टॉवर याच पाच सूत्रांवर उभे आहेत. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. आता तिथे घर खांबांवर उचललेलं असतं, पण मोकळ्या जमिनीसाठी नाही. पार्किंगसाठी ठेवलेली ती जागा एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणून. खाली हिरवळीऐवजी पोडियमचे मजल्यावर मजले आणि रस्त्याशी भिंत. छतावरची बाग ब्रोशरमध्ये ‘अॅमेनिटी’ होते. आडवी खिडकी वाढत वाढत पूर्ण काच झाली आणि छज्जा गळून पडला, कारण आत एसी आहे. दर फुटाला पैसे मोजणाऱ्या शहरात बाल्कनीही खोलीत ओढली गेली. हे नुसतं बिल्डरनेच केलं असं नाही. एक माणूस जास्त झोपू शकतो म्हणून आपणही बाल्कन्यांना स्लायडिंग लावल्या आहेत.

यात नुकसान नेमकं कोणाचं होतं, हे बीडीडीच्या पुनर्विकासात दिसतं. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट, स्वतःचा संडास, लिफ्ट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. सामाईक संडासाच्या रांगेत शंभर वर्षं काढलेल्या वस्तीला कोणी चाळीचं गुणगान ऐकवू नये. हे घर त्यांचा हक्कच होता. पण वीज गेली की तो फ्लॅट कसा वागतो, एसी न परवडणाऱ्या घरात मे महिना कसा जातो, म्हातारी आजी दार उघडं ठेवून कोणाकडे बघत बसते, हे प्रश्न त्या ५०० फुटांत आपोआप सुटत नाहीत. काचेच्या भिंतीची किंमत कांचनजंगातलं कुटुंब वीजबिलात भरू शकतं. परळमधल्या पेन्शनरला ती अंगावर काढावी लागते.

तेव्हा तुमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचा प्लॅन व्हॉट्सअॅप ग्रुपवर येईल, तेव्हा कार्पेट एरियाच्या आकड्याखाली जरा थांबा. नकाशा मोठा करून बघा. खिडकीवर छज्जा आहे का? एका बाजूने आलेला वारा दुसऱ्या बाजूने बाहेर जातो का? फ्लॅटच्या दारापुढचा पॅसेज उजेडात उघडतो की दोन भिंतींमध्ये संपतो? गच्ची सगळ्यांची आहे की ‘पेंटहाउस’ची? सह्या व्हायच्या आत हे मीटिंगमध्ये विचारता येतं आणि कधीकधी बदलूनही मिळतं. सावॉयबाई १९३६ मध्ये ती पत्रं लिहीत होत्या, तेव्हा स्लॅब पडून पाच वर्षं उलटली होती.