सासष्टीची दोन पुराणे

कोकणपट्टीवर सासष्टी नावाचे दोन प्रदेश आहेत. एक गोव्यात, जुवारी नदीच्या दक्षिणेस. दुसरा म्हणजे ठाण्याची खाडी, वसईची खाडी आणि समुद्र यांनी वेढलेले बेट, ज्यावर आज मुंबईची उपनगरे पसरली आहेत. दोन्ही नावांचा उगम परंपरेने सहासष्ट गावांशी जोडला जातो. उत्तरेची सासष्टी १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, गोव्याची १५४३ साली. सतराव्या शतकात दोन्हीकडच्या धर्मांतरित कुटुंबांसाठी बायबलातील कथा सांगणारे एकेक पुराण रचले गेले. त्यांपैकी पहिल्याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे पान आहे; दुसऱ्याची दखल बहुधा ओझरतीच घेतली जाते.

पहिल्याचे कर्ते फादर टॉमस स्टीफन्स इंग्लंडमधील विल्टशर परगण्याचे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य त्यांनी नोंदविले आहे. त्याच वर्षी, देवळे पाडली गेल्याने संतप्त झालेल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. क्रिस्तपुराण अशा धगधगत्या भूमीत उभे राहिले, हे त्याच्या शांत, प्रासादिक ओव्या वाचताना विसरून चालत नाही.

ग्रंथाच्या आरंभी आलेली मागणी या दृष्टीने फार बोलकी आहे. सासष्टीतील एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? श्रोत्याची तक्रार शिकवणुकीविषयी नाही. त्याच्या घरातून काहीतरी उचलून नेले गेले आहे आणि ती जागा रिकामी राहिली आहे. स्टीफन्स यांना हे नेमके उमगले होते. धर्मसिद्धान्तांची प्रश्नोत्तरी त्यांनी कोंकणीत लिहिली (ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापली गेली). पुराणासाठी मात्र मराठी आणि ओवी निवडली, कारण त्या घरांच्या कानांना पुराण मराठीतच परिचयाचे होते. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यात त्यांना संकोच वाटला नाही. जुन्या करारावरील पहिले पुराण ३६ अवस्वरूंचे, ख्रिस्तचरित्राचे दुसरे ५९ अवस्वरूंचे, आणि ओव्या जवळजवळ अकरा हजार. मराठीच्या स्तुतीच्या चारदोन ओव्यांवर या विस्ताराची बोळवण करण्याची आमच्या अभ्यासक्रमांची रीत मला कधीच पटली नाही.

१६१६ साली रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत हाती लागलेली नाही. १६८४ साली विजरईने, तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. मग ग्रंथ उरला कसा? धर्मन्यायालयाचा जाच, दुष्काळ आणि लढाया यांमुळे कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. टिपूने १७८४ साली श्रीरंगपट्टणला नेलेल्या बंदिवानांना याच ओव्यांचा आधार होता, अशी परंपरा सांगतात. १९०७ साली मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी काढलेली आवृत्ती सिद्ध झाली ती अशा हस्तलिखितांवरून. पुढे शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती (१९५६) आली आणि पुराण मराठी वाचकांच्या लिपीत परतले.

उत्तरेच्या पुराणाला हे भाग्य लाभले नाही. फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या यातना व मरण यांवरील हे पद्य १६५९ साली लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा उत्तर कोकणातील ख्रिस्ती रयतेची, म्हणजे भातशेती करणाऱ्या, ताडी काढणाऱ्या, खाडीत जाळे टाकणाऱ्या माणसांची. उपासकाळात ते घरोघर वाचले जाई. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी सासष्टी व वसई जिंकल्यावर पोर्तुगीज पाद्री निघून गेले. बेटावरची कुटुंबे मात्र आपल्या गावांतच राहिली, आणि एकोणिसाव्या शतकातही हे पुराण मुंबईत पुन्हा छापण्याइतकी त्याला मागणी होती. याच समाजाने १८८७ साली स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकांचा अपवाद वगळता या ग्रंथाकडे मराठी समीक्षेने पाठ फिरवली, याचे कारण त्याच्या काव्यगुणांत शोधण्यात अर्थ नाही. स्टीफन्स यांची ओवी एकनाथांच्या ओवीशेजारी ठेवता येते, म्हणून ती आपली. गिमारांइश यांची बोली पोर्तुगीज धाटणीच्या रोमन अक्षरांत लिहिलेली, ‘अशुद्ध’, म्हणून परकी, असा हा हिशोब आहे. वस्तुतः सतराव्या शतकातील सामान्य माणसाच्या बोलीचा एवढा मोठा लिखित नमुना दुर्मीळच. रोमन लेखनात न-ण, त-ट हे भेद झाकले जातात, ही अडचण खरी आहे. पण उत्तन, गोराई, मनोरी येथील वृद्धांच्या तोंडची बोली शेजारी ठेवून ते भेद पुष्कळ अंशी सोडविता येतील. अजून ती कानांवर पडते.