एका पानाचे रंग किती?

अकोल्यात आमच्या घरी मे महिन्यातल्या दुपारी मेंढीकोट चालायचा. कूलरसमोर सतरंजी, चार भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. हुकूम आधी ठरलेला नसे. उतारीचा रंग ज्याच्याजवळ पहिल्यांदा संपला, त्यानं टाकलेलं पान तो हुकूम. कुणी रंग लपवला की आजी कडाडायची, "रंग हाये ना तुह्यापाशी? मंग दाबून कायले ठेवतं?"

तिच्या तोंडचा 'रंग' डोळ्यांना दिसणारा नव्हताच. बदाम लाल, चौकटही लाल. इस्पिक काळं, किलवरही काळंच. शाई दोन, रंग चार. आकाराला रंग म्हणायची ही सवय आली कुठून? मला तरी तिचं मूळ गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळात दिसतं.

बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचं वर्णन केलं. नंतर रूढ झालेल्या ९६ पानांच्या संचात आठ रंग. त्यातल्या दोघांची नावंच रंगांची: सुर्ख आणि सफेद. दिवसा सुर्खाच्या राजाची उतारी, रात्री सफेदाच्या.

सावंतवाडीच्या चितारींनी रंगवलेला दशावतारी संच १२० पानांचा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. पानं गोल, लाखेची चकाकी. राजाच्या पानावर वस्त्रं, दागिने, महिरप मिळून कितीतरी रंग असतात. तरी खेळणारा बघतो ती जमीन, म्हणजे चित्रामागचा सपाट रंग. जमीन ज्या अवताराची, पानही त्याचंच. निम्म्या अवतारांत दश्शी थोर, निम्म्यांत एक्का थोर, म्हणून जमीन ओळखण्यात चूक झाली की हातातल्या पानाची किंमतच उलटी होते. अनेक रंगांच्या पानाबद्दलचा मला सापडलेला सर्वांत जुना निवाडा हाच: रंग कितीही असोत, मोजायचा एकच.

बावन्न पानांत जमीन पांढरी झाली आणि रंग आकारात शिरला. जोकरला रंगच नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मर्ल रॉबिन्स या न्हाव्यानं 'उनो' काढला. त्याच्या एका पानावर चारही रंग आहेत. टाकणारा नाव घेईल तो रंग पुढे चालतो. म्हणजे अजूनही एकाच वेळी एकच.

ही परंपरा मोडली 'मॅजिक: द गॅदरिंग'नं. गणिती रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ १९९३ मध्ये आला. पानं विकत घ्यायची, अदलाबदल करायची आणि आपला संच आपणच बांधायचा. रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. १९९४ च्या 'लेजंड्स' संचात सोनेरी चौकटीची बहुरंगी पानं आली आणि नियम ठरला: पान खेळायला किंमत म्हणून जे जे रंग मोजावे लागतात, ते सगळेच त्याचे रंग. पांढरं-काळं पान पांढरंही, काळंही.

यात फायदा आणि तोटा एकाच गाठीत येतो. 'टेरर' हे पान काळ्या प्राण्याला मारू शकत नाही, त्यामुळे पांढरा-काळा प्राणी त्यातून वाचतो. पण समोरच्या योद्ध्याला काळ्यापासून संरक्षण असेल, तर हाच प्राणी त्याच्या अंगावर जखम करू शकत नाही. पांढरेपण तिथे कामी येत नाही. २००५ च्या 'रॅव्हनिका'त आणखी बारीक भेद आला. तिथली काही पानं दोनांपैकी कुठलाही एक रंग मोजून खेळता येतात, तरी मोजली जातात दोन्ही रंगांची.

भाच्यानं असंच एक पांढरं-काळं पान मला दाखवलं तेव्हा आम्ही त्याच सतरंजीवर होतो. त्यानं फक्त पांढरा रंग मोजून ते खाली ठेवलं. मी 'टेरर' उचललं, पानाकडे नीट पाहिलं आणि ते हातातच ठेवलं.