नझारा: परक्या दारातून घरोघरी

बदलापूरहून सुटणाऱ्या कुठल्याही लोकलच्या डब्यात शिरा, खिडकीपासून चौथ्या सीटपर्यंत कुणी ना कुणी मोबाइलवर क्रिकेट नाहीतर लुडो खेळत असतं. यातल्या फार थोड्यांच्या घरी कन्सोल असेल. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आला तो 49,990 रुपयांना. वर एकेका नव्या गेमसाठी चार-पाच हजार मोजायचे. हौस आहे, पण यंत्र घेण्याची ऐपत नाही, अशा माणसालाच ग्राहक मानून मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने पाव शतकाची वाटचाल केली आहे.

ही वाटचाल समजायची तर गेमच्या धंद्यातला जुना तंटा माहीत हवा. 1979 मध्ये अटारी या कन्सोल बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच यंत्रावर चालणारे गेम स्वतःच्या नावाने विकायला घेतले. अटारीने त्यांना कोर्टात खेचलं. 1982 मध्ये तडजोड झाली. कन्सोल बनवणाऱ्या निन्टेंडोने पुढे शहाणपणा केला. आपल्या परवानगीशिवाय गेम चालूच नये, अशी चिप कन्सोलमध्ये बसवली. तेव्हापासून रिवाज पडला तो आजही आहे: दार यंत्रवाल्याचं, माल प्रकाशकाचा, आणि विक्रीतला साधारण 30 टक्के हिस्सा दारवाल्याचा.

नितीश मित्तरसेन यांनी डिसेंबर 1999 मध्ये नझारा सुरू केली ती गेमची वेबसाइट म्हणून. वर्षभरातच डॉटकॉमचा फुगा फुटला. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, पण मोबाइल पोहोचू लागले होते, म्हणून कंपनी तिकडे वळली. सचिन तेंडुलकरच्या नावाचे हक्क मिळवून तिने मोबाइलवर क्रिकेटप्रेमींना साद घातली.

इथे कन्सोलवाल्याची जागा मोबाइल कंपन्यांनी घेतली होती. गेमचे पैसे ग्राहकाच्या बॅलन्समधून कापले जात आणि त्यातला मोठा वाटा त्या कंपन्या ठेवत. गेमही त्या फोनच्या मापाचा करावा लागे. नोकियाच्या अनेक साध्या फोनमध्ये 64 केबीपेक्षा मोठा गेम चढतच नसे. मैदान, बॅट, चेंडू, स्कोअरबोर्ड, सगळं तेवढ्यात कोंबायचं. शिवाय गेम एका अंगठ्याने खेळता यायला हवा, कारण दुसरा हात लोकलच्या कडीला धरलेला. त्या काळी जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेटवर्क जायचं. तरी एकदा उतरवून घेतलेला गेम चालू राहायचा. नव्या ग्राहकापर्यंत पोहोचणं म्हणजे काय, याचं शिक्षण या अडचणींनीच दिलं. हेच गणित कंपनीने पुढे आफ्रिका आणि आखाती देशांत नेलं.

स्मार्टफोन आले, तसं दार पुन्हा बदललं. आता ते गूगल आणि ॲपलच्या ताब्यात गेलं. नझाराने मग प्रेक्षकांचे वेगवेगळे गट जोडायला घेतले. 2018 च्या आसपास तिने चेन्नईच्या नेक्स्ट वेव्हमध्ये हिस्सा घेतला. 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' हा साध्या फोनवर आणि इंटरनेटशिवायही खेळता येणारा गेम त्यांचाच. गेमच्या स्पर्धा पाहणाऱ्या तरुणांसाठी त्या भरवणारी नॉडविन आली आणि लहान मुलांसाठी किडोपिया हे ॲप. मुंबईत तयार झालेल्या किडोपियाचे बहुतांश वर्गणीदार अमेरिकेतले, ही अभिमानाचीच गोष्ट.

30 मार्च 2021 रोजी नझाराचा शेअर बाजारात नोंदला गेला. 1,101 रुपयांना दिलेल्या शेअरने पहिल्याच दिवशी मोठी उडी घेतली. पण महिनाभरात ॲपलने जाहिरातींसाठी ग्राहकाचा माग काढण्यावर बंधनं आणली आणि किडोपियाला नवा वर्गणीदार मिळवणं महाग पडू लागलं. दारवाल्याने एक नियम फिरवला की प्रकाशकाचा हिशेब कसा कोलमडतो, याचं हे उघड उदाहरण. दुसरा धक्का सरकारकडून बसला. पैसे लावून पोकर खेळायचं 'पोकरबाजी' हे ॲप चालवणाऱ्या मूनशाइन टेक्नॉलॉजीजमध्ये कंपनीने 2024 मध्ये मोठी रक्कम गुंतवली होती. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. गुंतवणूकदार पोळले, तरी घरं उद्ध्वस्त करणारा हा व्यवहार थांबला याचं मला समाधान आहे. पैशाच्या आशेने आलेला माणूस गेमचा प्रेक्षक नसतो.

त्याच वर्षी नझाराने उचललेलं दुसरं पाऊल मला अधिक मोलाचं वाटतं. ब्रिटनमधली कर्व्ह गेम्स तिने सुमारे 247 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. कॉम्प्युटर आणि कन्सोलचे गेम प्रकाशित करणारी ही संस्था. तिने प्रकाशित केलेल्या 'ह्यूमन फॉल फ्लॅट'च्या 5 कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. असा गेम हाती असला की सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिघांनाही प्रकाशकाची गरज भासते. दारवाल्याशी बरोबरीने बोलायचं तर नवं यंत्र काढावं लागत नाही. लोकांना हवाहवासा गेम हाती असावा लागतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने हे आधीच दाखवून दिलं आहे. आपल्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट सांगणारा त्यांचा 'राजी' ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेंडो स्विचवर आला आणि जगभर वाखाणला गेला. मात्र त्याला प्रकाशक परदेशातला शोधावा लागला. नरिमन पॉइंटच्या नझाराकडे आता भांडवल आहे, अनुभव आहे, कन्सोलच्या बाजारातली ओळखही आहे. तेव्हा महाराष्ट्रातल्या पुढच्या 'राजी'चं प्रकाशन तिने करावं, आणि त्यातली पात्रं मराठीत बोलावीत. लोकलमधल्या प्रवाशांच्या बळावर मोठ्या झालेल्या संस्थेकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.