कथा कागदावर कीं कानावर?

अद्भुत कथा लिहून झाली म्हणजे ती वाचकापर्यंत कोणत्या वाटेनें धाडावी, हा प्रश्न लेखकापुढें उभा राहतो. आणि त्याच्या उत्तरांत पुष्कळदां कलेपेक्षां हिशेबाचाच भाग मोठा असतो. टोल्किन यांचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ग्रंथ १९५४-५५ सालीं तीन भागांत निघाला, तो कथेचे तीन खंड आपोआप पडत होते म्हणून नव्हे. युद्धोत्तर इंग्लंडांत कागद महाग होता, आणि एवढें प्रचंड पुस्तक एकदम छापण्यास प्रकाशक कचरत होते. त्यांनीं लेखकाला नेहमींच्या मानधनाऐवजीं, खर्च निघाल्यावर उरेल त्या नफ्याचा अर्धा वाटा देऊं केला. तोट्याच्या भीतीनें केलेला हा करार पुढें लेखकालाच फार फलदायी ठरला! तत्पूर्वीं, १९५२ सालीं, प्रकाशनाविषयीं निराश झालेले टोल्किन माल्व्हर्न येथें एका स्नेह्याच्या घरीं उतरले असतां, तेथील ध्वनिमुद्रण-यंत्रापुढें त्यांनीं आपल्या कथेंतील उतारे वाचले. स्वतःचा आवाज ऐकून त्यांना पुनः धीर आला, असें त्या स्नेह्यानें सांगून ठेविलें आहे. तें मुद्रण तबकडीवर विक्रीस आलें १९७५ सालीं. लेखकाला जाऊन तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं.

कागद अजिबात टाळण्याचें धाडस एका नामांकित अमेरिकन लेखकानें २००० सालीं केलें. स्टीफन किंग यांची 'रायडिंग द बुलेट' ही भुताची गोष्ट मार्च महिन्यांत केवळ संगणकावर वाचावयाच्या स्वरूपांत निघाली. किंमत अडीच डॉलर. पहिल्या चोवीस तासांत सुमारें चार लाख प्रती मागविल्या गेल्या. या यशानें उत्साहित होऊन त्यांनीं जुलैपासून प्रकाशकालाहि दूर सारलें व 'द प्लांट' ही कादंबरी आपल्याच संकेतस्थळावर हप्त्याहप्त्यानें देण्यास आरंभ केला. एका प्रकाशनसंस्थेच्या कचेरींत वाढणाऱ्या मायावी वेलीची ती कथा. प्रकाशकांनीं तिच्याकडे संशयानें पाहिलें असल्यास नवल नाहीं. अट एकच होती: शंभरांतील पंचाहत्तर वाचकांनीं प्रामाणिकपणें डॉलर भरला, तर कथा पुढें चालेल. हप्त्यांची गोडी मराठी वाचकाला नवी नव्हे. १८९० सालीं निघालेल्या 'करमणुकी'ंत हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या अशाच येत. परंतु तेथें अंक विकत घेतल्यावांचून, किंवा शेजाऱ्याकडून मागून आणल्यावांचून, पुढचें प्रकरण हातीं येत नसे. येथें मात्र पैसे न देतांहि तें मिळत होतें. आरंभीं वाचकांनीं वचन पाळलें. पुढें पैसे देणारांचें प्रमाण निम्म्याच्याहि खालीं गेलें. डिसेंबरांत सहावा भाग देऊन किंग यांनीं लेखणी दुसऱ्या कामाकडे वळविली. ती कथा अपुरीच राहिली.

जे. के. रोलिंग यांनीं याच्या उलट धोरण ठेविलें. त्यांनीं हॅरी पॉटरच्या कथांना संगणकावर येऊं देण्याचें २०१२ पर्यंत टाळलें, आणि आणल्या त्या स्वतःच्या दुकानांतून.

सर्वांत बोधप्रद प्रकरण ब्रँडन सँडरसन यांचें आहे. 'वॉरब्रेकर' ही कादंबरी २००९ सालीं छापली जाण्यापूर्वीं त्यांनीं ती लिहितां लिहितां संकेतस्थळावर फुकट वाचूं दिली होती. १ मार्च २०२२ रोजीं त्यांनीं चार नव्या कादंबऱ्यांसाठीं वाचकांकडूनच आगाऊ पैसे मागितले, तेव्हां महिन्याभरांत १,८५,३४१ लोकांनीं चार कोटी सतरा लाखांवर डॉलर दिले. छापील ग्रंथ व संगणकीय प्रती यांची अशी सोय झाली. अडचण उरली ती श्राव्य पुस्तकांची. या व्यापारांत ऑडिबल या संस्थेचें वर्चस्व होतें. दुसरीकडे कोठेंहि न विकण्याचें कबूल केल्यास लेखकाला शेंकडा चाळीस, न केल्यास पंचवीस, असा तिचा दर होता. इतर अंकीय मालावर मात्र निर्मात्याला शेंकडा सत्तर मिळणें रूढ झालें होतें. सँडरसन यांना स्वतःपुरता अधिक चांगला करार मिळण्याजोगा होता. परंतु डिसेंबर २०२२ मध्यें त्यांनीं, लहान लेखकांना असा सौदा करण्याची शक्ति नसते, हें कारण उघडपणें सांगून आपलीं पुस्तकें स्पॉटिफाय व स्पीचिफाय यांच्याकडे दिलीं. सर्वांत मोठ्या बाजारपेठेंतील श्रोते त्यांना त्यामुळें गमवावे लागले. २०२४ सालीं त्या संस्थेनें लेखकांचा वाटा वाढविणारी नवी पद्धति मान्य केल्याचें त्यांनीं जाहीर केलें, आणि मग तीं पुस्तकें तेथेंहि ऐकावयास ठेवण्याचें त्यांनीं कबूल केलें.