दोन इंच फोम

पन्नास वर्षांपूर्वी मुंबईहून नागपूरला किंवा हावड्याला निघालेल्या माणसाच्या सामानात वळकटी हमखास असायची. सतरंजी, तिच्यावर चादर, आत दुमडून घातलेली उशी आणि वरून आवळलेली सुतळी. ऐपत असेल तर खाकी कॅनव्हासचा होल्डॉल. गाडीत शिरल्या शिरल्या ती सोडायची आणि फळीवर अंथरायची, कारण खाली नुसतं लाकूड. पट्ट्यापट्ट्यांचं बाकडं, दोन पट्ट्यांमध्ये फट. सतरंजी कितीही जाड असली तरी पहाटेपर्यंत त्या फटी कमरेच्या हाडाला पाठ व्हायच्या. ज्याच्याकडे वळकटी नसायची, तो पाठीवर वळ घेऊनच उतरायचा.

आज शयनयान डब्यात रेक्झिनच्या गादीवर आडवं होणाऱ्याला ती गादी पहिल्यापासून तिथेच असेल असं वाटतं. तशी ती नव्हती. पहिली गाडी सुटल्यापासून ती यायला सुमारे सव्वाशे वर्षं लागली.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा तिच्या 14 डब्यांत सुमारे 400 पाहुणे होते आणि ते निमंत्रित होते. तिकीट काढून येणारी खरी गर्दी नंतर लोटली ती तिसऱ्या वर्गात. प्रवाशांपैकी बहुसंख्य याच वर्गाचे, आणि प्रवासी वाहतुकीचं उत्पन्नही मुख्यतः त्यांच्याच खिशातून यायचं. तरी डबे बनवताना विचार व्हायचा तो वरच्या वर्गाचा. गाद्या, ऐसपैस जागा, शौचालय हे सगळं आधी तिकडे. खालच्या वर्गाच्या वाट्याला बाकडी आणि त्यांवर बसतील तितकी माणसं.

शौचालयाचीच गोष्ट घ्या. 1909 साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला पत्र लिहिलं. फणस जास्त खाल्ल्याने पोट बिघडलं, म्हणून ते अहमदपूर स्टेशनवर उतरले. तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, भर फलाटावर पडले, आणि गाडी गेली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेलं हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. लोक ते वाचून हसतात. पण त्यातला संताप खरा आहे. पोट आवरणं किंवा गाडी सोडणं, एवढे दोनच पर्याय माणसापुढे ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ती तक्रार होती, आणि सेनबाबूंनी ती लाज बाजूला ठेवून जशी घडली तशी लिहिली. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालयं आली त्याचं श्रेय अनेक जण या पत्राला देतात.

तिसऱ्या वर्गाचा सगळ्यात चिकाटीचा साक्षीदार म्हणजे गांधीजी. कलकत्त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे मुक्काम करून 1902 च्या सुरुवातीला ते राजकोटला निघाले, ते मुद्दाम तिसऱ्या वर्गाने. बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी घेतली. गोखल्यांनी पुऱ्या आणि लाडू भरून धातूचा डबा दिला आणि नको म्हणत असतानाही ते स्टेशनवर पोचवायला आले. पहिल्या वर्गाने जाणार असता तर आलो नसतो, असं त्यांनी सांगितल्याचं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

पुढे 12 सप्टेंबर 1917 च्या रात्री ते मुंबईहून मद्रासला निघाले. डब्यावर 22 जणांची पाटी होती, आणि ती जागा नुसती बसण्यापुरती, झोपण्याची नव्हे. प्रवास दोन रात्रींचा. वाटेत बराच काळ आत 35 च्या आसपास माणसं होती. कुणी खाली घाणीत आडवं, कुणी उभं. जमीन झाडलेली नाही, संडास धुतलेला नाही. हे सगळं त्यांनी वर्तमानपत्राला कळवलं आणि एक साधा हिशेब मांडला: पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, पण तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला त्या सोयींचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी मिळतो का? या हिशेबाला रेल्वेकडे उत्तर नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरही बाकडी लाकडाचीच राहिली. 1974 साली तिसरा वर्ग रद्द झाला. डब्यावरचा आकडा बदलला आणि तिसऱ्याचा दुसरा झाला, पण पाठीला फरक कळला नाही. मराठीत तर ‘थर्ड क्लास’ ही आधीच शिवी होऊन बसली होती. परीक्षेने आणि रेल्वेने मिळून ती भाषेला दिली असावी.

मार्च 1977 मध्ये जनता सरकार आलं आणि मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. जन्म अहमदनगरचा, पेशाने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, घडण समाजवादी, आणि मतदारसंघ कोकणातला राजापूर. म्हणजे ज्या भागातून ते निवडून यायचे तिथे रेल्वेचा रूळच नव्हता. मुंबईची वाट एस.टी.ची होती, त्याआधी बोटीची. अशा माणसाने रेल्वेकडे प्रवाशाच्या बाजूने पाहिलं. मे 1974 च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम चढवायचं ठरवलं.

पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, अशी त्यांची भूमिका होती. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण बर्थ म्हणजे रात्रभर माणसाचं अंग जिथे टेकतं ती जागा, आणि लांबच्या प्रवासात तिच्याइतका दुसऱ्या कशाशीच त्याचा संबंध येत नाही. इंजिन बदललं, वेग वाढला, तरी सकाळी उतरणाऱ्याला आठवतं ते हेच, की पाठ धरली की नाही.

26 डिसेंबर 1977 रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात वर्गच नव्हते. सगळ्यांना सारखीच जागा. डब्यांत रवींद्रनाथांची चित्रं लावली होती. गादीचे बर्थ आधी अशा गाड्यांत आले, मग हळूहळू इतरांत. दंडवते 1979 मध्ये पायउतार झाले, पण फोम थांबला नाही. 1980 चं दशक संपेपर्यंत लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांत तो पोचला होता. एकदा प्रवाशांना गादीची सवय लागल्यावर ती काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती.

सामानही बदललं. होल्डॉल माळ्यावर गेले, वळकटीची सुतळी सुटली, आणि खांद्याला एकच पिशवी लावून रात्रीची गाडी पकडता येऊ लागली. म्हाताऱ्या माणसांना लेकीकडे जायचं म्हणजे बिछाना उचलायला कुणीतरी बरोबर लागायचं, ती गरज कमी झाली. जनरल डब्यात मात्र पट्ट्यांची बाकडी त्यानंतरही कित्येक वर्षं तशीच होती, आणि तिथला प्रवासी बसायला घरून चादर आणत राहिला.

कोकणात गाडी यायला आणखी वीस वर्षं गेली. 1989 मध्ये व्ही. पी. सिंगांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, तेव्हा कोकण रेल्वेचं घोडं पुढे सरकलं, आणि 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा मार्ग पूर्ण खुला झाला. राजापूर, कणकवली, कुडाळचे चाकरमानी गणपतीला गावी निघाले ते रात्रीच्या गाडीने, बर्थवर अंग टाकून. त्या बर्थवर रेक्झिन होतं, आणि रेक्झिनखाली फोम.