पेल अनुदान : कम्युनिटी कॉलेजमधील पात्रतेच्या मर्यादा

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून कमी उत्पन्नाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना मिळणारे शिक्षणसाहाय्य. कर्जासारखे ते फेडावे लागत नाही. योजना १९७२ मध्ये सुरू झाली. १९८० मध्ये तिला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव देण्यात आले. २०२५-२६ या वर्षी अनुदानाची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. त्यासाठी ‘फाफ्सा’ हा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो.

सर्वांत जाचक मर्यादा आहे ती आयुष्यभराच्या हिशेबाची. पूर्णवेळ शिकून घेतलेले एका वर्षाचे पूर्ण अनुदान म्हणजे १०० टक्के. एकूण ६०० टक्के, म्हणजे १२ सत्रे भरली की अनुदान कायमचे बंद. जुलै २०१२ पूर्वी ही मर्यादा १८ सत्रांची होती. ती खाली आणताना अर्ध्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांनाही सूट दिली नाही, हे अन्यायाचेच होते.

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या महाविद्यालयात, हा साठा लवकर आटतो. गणित-इंग्रजी कच्चे असलेल्या विद्यार्थ्याची दोन सत्रे पायाभूत वर्गांत जातात. असे वर्ग ३० क्रेडिटपर्यंतच अनुदानात बसतात आणि पदवीत धरले जात नाहीत, टक्के मात्र खर्ची पडतात. पुढे दोन वर्षांची पदवी सहा सत्रांत पुरी झाली, तर विद्यापीठासाठी चारच सत्रे उरतात. तिथे जुनी काही क्रेडिट नाकारली गेली, की शेवटचे सत्र पदरच्या पैशाने काढायचे.

याशिवाय प्रगतीची अट असते : ६० क्रेडिटचा अभ्यासक्रम ९० क्रेडिटच्या प्रयत्नांत संपलाच पाहिजे. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्यापूर्वी कॉलेज सोडल्यास अनुदानाचा काही भाग परत जातो, आणि विद्यार्थ्याच्या नावावर कॉलेजची थकबाकी चढू शकते. आजारपण किंवा पाळी बदलणारी नोकरी एवढेही कॉलेज सुटायला पुरते. उत्तीर्ण झालेला विषय अनुदानावर पुन्हा एकदाच घेता येतो. चार वर्षांची पदवी मिळालेल्याला सहसा अनुदान मिळत नाही.

नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशा ठरावीक गटांनाच पात्रता आहे. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी अपात्र. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर तिथेच शाळा शिकलेली मराठी घरांतील मुलेही, आईवडील वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत असल्याने, बाहेर राहतात.

काही मर्यादा मात्र सैल झाल्या. कैद्यांना १९९४ मध्ये नाकारलेली पात्रता जुलै २०२३ पासून परत मिळाली. ८ ते १५ आठवड्यांच्या व्यवसाय-प्रशिक्षणालाही अनुदान देण्याची तरतूद २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून केली. त्यासाठी वापरलेले टक्केही त्याच ६०० मधून वजा होतात.